नणंदेच्या खांद्यावरचा पिंगळा

२ जानेवारी १९४६, येळवशीचा आदला दिवस. मी ओसरीवर बसून पावट्याच्या आणि तुरीच्या शेंगा सोलत होते आणि मधूनमधून उठून चुलीवरची अंबील ढवळत होते. अंबील म्हणजे ताकात कालवून शिजवलेलं ज्वारीचं पीठ. ढवळणं थांबलं की ती बुडाला लागते, आणि एकदा लागली की सासू पुढच्या येळवशीपर्यंत ते विसरत नाही.

ज्यांच्याकडं येळवस नसते त्यांना सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात अख्खं गाव घरांना कुलपं लावून रानात जेवायला जातं. पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांच्यावर कडब्याची कोप उभी करायची, पूजा करायची, मग पिकात अंबील शिंपडत अर्धे कानडी शब्द ओरडायचे. त्यांचा अर्थ आम्हाला माहीत नाही आणि पांडवांनाही नसावा. त्यानंतर ऊन कलेपर्यंत जेवायचं. वाटसरूलाही हाताला धरून पंगतीत बसवायचं. त्या दिवशी गावात चोरी होत नाही, कारण चोरही कुणाच्या तरी रानात जेवत असतो.

त्या सकाळी माझं अर्धं लक्ष येडशीच्या स्टेशनाकडं होतं. आमचं घर स्टेशनाजवळच. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, धान्याची अडत होती. सोलापूरला धुवायला दिलेलं फोटोंचं रीळ छोट्या गाडीचा गार्ड त्या दिवशी आणणार होता. रिळात आठ फोटो. सात पाखरांचे, मी काढलेले. आठवा माझ्या धाकट्या नणंदेचा, मालकांनी काढलेला. आणि नणंदेचं लग्न त्या आठव्या फोटोवर अडलं होतं.

पण आधी पाखरांचं सांगते, नाहीतर सात फोटो पाखरांना आणि एक नणंदेला हे गणित कुणाला पटायचं नाही. आमच्या घरातही ते कुणाला पटलेलं नव्हतं.

पाखरांचा नाद मला कुणा विद्वानानं लावला नाही, ज्वारीनं लावला. लढाई सुरू झाली तशी आमचा राखणदार फौजेत भरती झाला. दिवसभर पाखरांवर ओरडण्यापेक्षा जर्मनांवर ओरडलेलं बरं, पगार तरी मिळतो, असं म्हणून गेला. मालक अडतीवर. तेव्हा शेताची राखण माझ्यावर आणि नणंदेवर आली. शेताच्या मधोमध चार खांबांवर बांधलेला माळा असतो, त्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं.

दगड मारायचा तर पाखरू ओळखावं लागतं, कारण प्रत्येकाची चोरी वेगळी. पोपट कणीस तोडून नेतो, थोडं खातो आणि बाकीचं खाली टाकतो, श्रीमंत व्याह्यासारखा. चिमण्या नुसत्या किरकिर करतात, नुकसान त्यामानानं कमी, त्या नात्यातल्याच. आणि भोरड्या. हिवाळ्यात कुठल्या मुलखातून येतात देव जाणे. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि थवा असा की सावली पडते. सरकारी वसुलीच्या माणसांसारख्या सगळ्या एकदम येतात, मिळून खातात, एकदम जातात आणि पावती देत नाहीत.

हाकलता हाकलता मला पाखरं आवडायला लागली. लोक विचारतात, मग हाकलता कशाला? ज्वारी माझी आहे म्हणून. आवडणं वेगळं आणि जेवायला घालणं वेगळं. माझे दीरही मला आवडतात.

आवडतं म्हणजे काय, तेही सांगते, कारण ह्यात देवाधर्माचं काही नाही. दिवसभर घरात माझ्याकडं बघणारी माणसं मला काही ना काही सांगायला बघत असतात. पाखराला माझ्याकडून काही नको असतं, फक्त मी जावं एवढंच हवं असतं. ते आपल्या उद्योगात असतं. एक ढोकरी ओढ्याच्या काठी मान आत ओढून तासन् तास उभी राही, तहसिलीतला कारकून पानसुपारीची वाट बघत बसतो तशी. मासा आला की तिची मान केवढी लांब होई. तो क्षण बघायला मिळाला तर मला दिवसभर कुणाचा राग येत नसे. ज्यांची नावं ठाऊक नव्हती त्यांना मीच नावं ठेवली. शेपटी वरखाली करत ठुमकत चालणाऱ्या एकीला मी मावससासूचं नाव दिलं. नणंदेनं ते मावससासूसमोर घेतलं तेव्हा जरा अडचण झाली, पण नाव बरोबर होतं.

फोटोचा खोका मालकांनी कुर्डुवाडीच्या स्टेशनावर फौजेतून परतलेल्या एका शिपायाकडून घेतला होता. काळा, चौकोनी, पुढं एक डोळा. मालकांनी आधी पाहुण्यांचे फोटो काढले. सगळे पाहुणे असे बसले जणू कुणी त्यांच्यावर खटला भरला आहे. मग मालकांचा उत्साह संपला आणि खोका माझ्याकडं आला.

आमच्याकडं तेव्हा रानातल्या फोटोची एकच रीत होती. रामलिंगाच्या जंगलात शिकारीला येणाऱ्या एका मोठ्या साहेबांच्या मुनशीनं ती मालकांना समजावून सांगितली. "पहले गोली, फिर फोटू. हिलता नईं ना." मेलेल्या बिबट्यावर बूट ठेवून काढलेला फोटो खरंच स्वच्छ येतो. जिवंत पाखराचा येत नाही. खोक्याला दहा हातांवरचं पाखरू ज्वारीच्या दाण्याएवढं दिसतं, आणि तीन हातांवर जावं तर पाखरू उडतं. माझ्या पहिल्या दोन रिळांत नुसत्या फांद्या होत्या. "बाभळीचे फोटो चांगले येतात तुला," मालक म्हणाले.

म्हणून मी एका जागी बसून राहणारा पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, निवडला. आमच्या विहिरीमागच्या कडुलिंबाच्या ढोलीत एक जोडी राहायची. थंडीत सकाळचं ऊन ढोलीच्या तोंडावर येतं, तेव्हा त्यातला एक उन्हाला येऊन बसे आणि गोल डोळे करून मान वरखाली करी. मी घोंगडं पांघरून, खोका उलट्या पाटीवर ठेवून, रोज थोडी थोडी जवळ सरकत गेले. सासूनं शेजारणीला सांगितलं की सून सूर्याची उपासना करते. तिला तेवढं सांगणं सोपं पडलं. शेवटी एका सकाळी मी इतकी जवळ पोचले की पिंगळ्याच्या छातीवरचे ठिपके दिसत होते. तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. आमच्यात जास्त येडं कोण दिसत असेल ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी कळ दाबली. तो माझा सातवा फोटो.

आता नणंद. वय लग्नाचं उलटून चाललेलं, रंग सावळा, उंची दारातून जाताना मान वाकवावी लागेल एवढी, आणि हसणं स्टेशनापर्यंत ऐकू जाईल असं. दोन ठिकाणची मंडळी येऊन बघून, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेली होती. तिसरं स्थळ मुरूमचं, कापडवाल्यांचं. त्या घरात मुलाच्या आज्जीचा शब्द चाले. आज्जीनं निरोप पाठवला: आधी फोटो दाखवा, मग बघू. येळवशीच्या सुमाराला आम्ही कळंबच्या बाजाराहून परतताना येडशीवरून जाऊ, तेव्हा घेऊन जातो.

नणंदेला हे स्थळ हवं होतं. तिनं मुलाला श्रावणात रामलिंगाच्या यात्रेत बघितलं होतं. "वैनी, एका बाईनं त्याच्याकडून दुकानातली सगळी ठाणं उलगडून घेतली आणि काहीच न घेता गेली," ती मला म्हणाली. "त्यानं गपचिप सगळं घडी करून ठेवलं आणि म्हणाला, पुन्हा या मावशी. असल्या माणसाबरोबर राहता येतं." लग्नाबद्दल ह्याहून शहाणं बोलणं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

फोटोसाठी सोलापूरच्या स्टुडिओत जावं असं मी सुचवलं. सासूला आम्ही सगळे अव्वा म्हणत असू, अव्वा म्हणाली, "घरात खोका असताना सोलापूर कशाला? पाखरांचं निघतंय, माज्या लेकीचं का न्हाय निघायचं?" रिळात एकच फोटो उरला होता आणि लढाईपासून दुसरं रीळ मिळायचं म्हणजे नशीब लागत होतं. मी काढते म्हणाले, तर मालक म्हणाले, "माणसांचं काम माणसाला करू दे." नणंदेला इरकल नेसवून कोठीच्या काळ्या दारासमोर चौरंगावर बसवलं. मालकांनी कळ दाबली.

गडबड अशी की रीळ पुढं सरकवायची आमची रीत वेगवेगळी होती. मी फोटो काढायच्या आधी सरकवत असे, म्हणजे आयत्या वेळी नवा तुकडा समोर. मालक फोटो काढून झाल्यावर लगेच सरकवत, म्हणजे पुढच्या वेळेची तयारी. दोन्ही रीती बरोबर आहेत. फक्त एका खोक्याला दोन माणसं लागली तर नाहीत. पिंगळ्यानंतर मी सरकवलं नाही, कारण मी आधी सरकवते. मालकांनी आधी सरकवलं नाही, कारण ते नंतर सरकवतात. आणि नंतर त्यांनी घरी आलेल्या सोयऱ्यांशी बोलता बोलता रीळ शेवटापर्यंत गुंडाळून टाकलं.

हे सगळं आम्हाला पाकीट आल्यावर कळलं. गार्ड ते स्वतः घेऊन आला.

"बाई, हद्दीवरच्या जकात नाक्यावर शिपायानं उघडून बघितलं हो," तो म्हणाला. "विचारायला लागला, क्या है? म्हटलं, परिंदे हैं. त्यानं एकेक फोटो उलटा करून बघितला आणि म्हणाला, किधर हैं? उड गए क्या?"

मी हात पुसून फोटो काढले. आभाळात एक ठिपका. एक बाभळ. ओढा, त्यात एक पांढरी रेघ, ती बगळा होती हे मला ठाऊक म्हणून. आणखी एक बाभळ. आणि शेवटचा. फोटो आठ नव्हते, सातच होते. शेवटच्यात माझी नणंद चौरंगावर ताठ बसली होती, आणि तिच्या उजव्या खांद्यावर, तिच्या तोंडाएवढा, गोल डोळे वटारून पिंगळा बसला होता.

मी खोटं बोलणार नाही. आधी मला आनंद झाला. छातीवरचे ठिपके मोजता येत होते.

मग अव्वा आली. "ह्यो कोण बसलाय माज्या पोरीवर?"

"पिंगळा," मी म्हणाले, आणि रिळाची भानगड सांगितली.

रिळाचं तिच्या कानातही शिरलं नाही. ती खाली बसली. पिंगळा घरावर बोलला तर आमच्याकडं माणसं दारात मीठ-मोहऱ्या ओवाळतात. इथं तो उपवर मुलीच्या खांद्यावर बसून आला होता. मालक अडतीवरून आले, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "पिंगळा कोण म्हणतं? भारद्वाज हाय."

भारद्वाजाचं दर्शन शुभ. पण भारद्वाज कावळ्याएवढा, लांब शेपटीचा, तांबूस पंखांचा असतो. मालकांनी तो जन्मात नीट बघितलेला नव्हता.

"तुम्ही तुमच्या आईला ओळखता ना?" मी विचारलं. "मग मी पिंगळ्याला ओळखते."

"ते काय बी असू दे," अव्वा म्हणाली. "फोटो दुसरा न्हाय, आन् मुरूमची मान्सं उद्या रानात यायलीत. इचारलं तर भारद्वाज सांगायचं. आन् तूच सांगायचं. पाखरं तुजी."

फोटो बघून नणंद आधी खदखदून हसली. मग शेंगांची पाटी माझ्यासमोरून ओढून घेऊन सोलायला लागली आणि बराच वेळ वर बघितलं नाही. "त्यांनी न्हाई म्हटलं तर मी ह्या खेपेला पुन्हा पोहे करणार न्हाय, वैनी," एवढंच म्हणाली.

मी अव्वाला हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. अंबील ढवळायची होती.

दुसऱ्या दिवशी रानात आणखी एक पेच निघाला. अमावास्येला मुलगी बघत नाहीत. मुरूमची आज्जी ह्या बाबतीत फार कडक, असं ऐकलं होतं. नणंदेला घरी ठेवावं, तर येळवशीला बंद घरात एकटी मुलगी ठेवत नाहीत. कोपीत लपवावी, तर तिथं पाया पडायला सगळे जाणार. शेवटी अव्वानं तिला माळ्यावर चढवलं. एका बाजूला चटई टांगली आणि आम्हाला ताकीद दिली, "जेवताना कुणी वर बघायचं न्हाय." ज्वारी तर सगळ्या बाजूंनी उभी होती, दाणा भरलेला, त्यामुळं तिच्या हातात गोफण दिली. राखणही होईल, असा अव्वाचा हिशोब.

आज्जी बैलांच्या दमणीतून उतरली. लहानशी, वाळकी, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा. बरोबर तिचा मुलगा, म्हणजे नवरदेवाचा चुलता. तो दिवसभरात फक्त "व्हय" म्हणाला. पांडवांच्या पाया पडून आज्जी माळ्यापासून दहा पावलांवर आमच्या पंगतीत बसली. बाजरीचे वाफवलेले उंडे, सोललेल्या दाण्यांची आणि पाल्याची भज्जी, अंबील वाढली. अंबील तिनं दोनदा मागून घेतली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पोरगी कुठाय?"

"हाय की," अव्वा म्हणाली. "पर आज अमावस्या."

"तर. आज बघायची न्हाय. नुसतं इचारलं."

तेवढ्यात वरून गोफण सणकली. आज्जीनं मान वळवायला घेतली आणि जागीच थांबवली.

"वर कोन हाय?"

"गडी हाय राखणीला," मालक म्हणाले.

"म्या हाय, आज्जी," वरून आवाज आला.

अव्वाच्या हातातला उंडा ताटात पडला. आज्जीनं जरा विचार केला. धर्मशास्त्राचा असावा. "बघायला अमावस्या आड येते," ती म्हणाली. "ऐकायला कुठं येते?" आणि ताटाकडंच बघत तिनं आवाज चढवला. "काय गं, शिवण येतंय का?"

"फाटलेलं शिवता येतं. नवं शिवायला कुणी दिलंच न्हाय."

"सैपाक?"

"येतो. पर आजची अंबील वैनीची हाय. माझी असती तर लागली असती."

"तुजं हसणं लई मोठं हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी बघून सोडलं त्यांनीच सांगितलंय की."

"त्यांच्या मामाचं पागोटं पोह्यांत पडलं व्हतं, आज्जी. आन् त्यानं ते तसंच उचलून डोक्यावर ठेवलं. म्या काय करू?"

आज्जीचे खांदे हलले. आवाज आला नाही, पण अंबील तिच्या वाटीतून सांडली. आम्ही सगळे आपापल्या ताटाकडं बघत जेवत होतो, जणू ताटांत कुणी पोथी उघडून ठेवली आहे.

"बरं, फोटो आणा," आज्जी म्हणाली.

मालकांनी दिला. आज्जीनं डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मुलाला दाखवला. "हे काय बसलंय?"

"भारद्वाज," मालक खाकरून म्हणाले.

"भारद्वाजाला शेपूट नसतंय व्हय?" आज्जी माझ्याकडं वळली. "पाखरांच्या नादाची सून तूच न्हवं? तू सांग."

अव्वा माझ्याकडं बघत होती. ती नजर मला आजही चांगली आठवते, कारण तशी ती फक्त अंबील लागल्यावर बघायची. माझ्या मनात काही थोर विचार आले नाहीत. खोटं पचेल का, एवढाच विचार होता, आणि पचणार नाही हे समोर दिसत होतं. शिवाय दुसरं एक. मी इतक्या सकाळी घोंगड्यात गुदमरून त्या पाखराजवळ पोचले होते. जन्मात एक फोटो धड आला होता. त्याला भारद्वाज म्हणायला माझी जीभ वळेना.

"पिंगळा आहे," मी म्हणाले. "आणि तो हिच्या खांद्यावर बसला नव्हता. तो लिंबाच्या ढोलीत होता. एका फोटोवर दुसरा चढला."

"पिंगळाच हाय तो, आज्जी," वरून नणंद म्हणाली. "वैनी त्याच्यासमोर रोज बसायची. आम्हाला वाटलं, बाधा झाली."

 आज्जीनं भज्जीचा घास घेतला, सावकाश चावला.

"रोज दिसतो व्हय?"

"दिसतो."

"खातो काय?"

"किडे, सरडे. उंदराची पिल्लं सापडली तर सोडत नाही."

"ऐकलंस का रं?" आज्जी मुलाला म्हणाली. तो म्हणाला, "व्हय." मग ती अव्वाकडं वळली. "औंदा उंदरांनी आमची इरकलीची ठाणं आरपार कुरतडली. मांजर पाळलं, तर ते गादीवर निजतंय आन् गिऱ्हाइकावर गुरगुरतंय. पिंगळा आला तर म्या त्याला पाट मांडीन." अव्वानं सुस्कारा सोडला, पण आज्जीचं संपलं नव्हतं. "पाखराचं ऱ्हाऊ द्या. फोटोत पोरगी बसलीय. उभी केवढी हाय?"

खरा प्रश्न हा होता. आधीची दोन्ही स्थळं उंचीवरच मोडली होती. हसणं नंतर जोडलं होतं. नवरा मुलगा मध्यम उंचीचा आहे हे आम्हाला ठाऊक होतं, नणंदेलाही.

"बेताचीच हाय," अव्वा म्हणाली.

माळ्यावरून उत्तर आलं नाही. मला तिचं ते गप्प बसणं आवडलं नाही. अंबील वाढायच्या निमित्तानं मी उठले.

आणि भोरड्या आल्या. आधी आवाज येतो, कुणी वाळूनं भरलेली सुपं पाखडतंय असा. मग सावली. अख्खा थवा आमच्या डोक्यावरून वळून ज्वारीवर उतरायला लागला. शेतकऱ्याची मान अशा वेळी अमावास्या बघत नाही. मालकांनी वर बघितलं, अव्वानं बघितलं, चुलत्यानं बघितलं, आणि आज्जीनंही बघितलं.

नणंद माळ्यावर सरळ उभी राहिली होती. चटई तिच्या कमरेपर्यंतच पोचत होती. तिनं पदर खोचला, गोफण डोक्याभोवती फिरवली आणि असा आवाज काढला की आमचे बैल उठून उभे राहिले. एक दगड, दुसरा, तिसरा. थवा उचकला, आभाळात गोळा झाला, पसरला, पुन्हा गोळा झाला आणि शेजाऱ्याच्या ज्वारीकडं गेला. तिथं पंगत चालली होती. तिकडूनही ओरडण्याचे आवाज यायला लागले.

सगळ्यांच्या माना खाली आल्या. आज्जीची आली नाही.

"आज्जी," अव्वा हळूच म्हणाली, "अमावस्या हाय."

"म्या हक्की बघतेय," आज्जी म्हणाली. हक्की म्हणजे कानडीत पाखरू. "पोरगी बघू नये म्हणत्यात. पाखरं बघू नयेत असं कुठं लिव्हलंय?" आणि मला विचारलं, "ह्यास्नी काय म्हणत्यात?"

"भोरड्या."

"गुलाबी हायत."

"अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. वैशाखात दिसत नाहीत."

"लुगड्याला चांगला रंग हाय ह्यो. काळे काठ आन् गुलाबी अंग." ती बघतच राहिली. पाखरं केव्हाच गेली होती. माळ्यावर नणंद गोफणीत नवा दगड घालत होती, उन्हात, पूर्ण उभी, आपल्याला कुणी बघतंय हे तिला ठाऊक असूनही खाली न बसता. बसली असती तर मीच वर जाऊन तिला उठवलं असतं.

"एक हक्की अजून हाय की वर," आज्जी म्हणाली. "उंच हाय."

"उंचच हाय, आज्जी," नणंद वरून म्हणाली. "आता काय बी करता येत न्हाय."

"करायला कोन सांगतंय? आमच्या दुकानात वरच्या फळीला कुणाचाच हात पुरत न्हाय. तिथलं कापड दसऱ्याला खाली काढत्यात, तवर त्याला कसर लागलेली असते." आज्जीनं वाटी पुढं केली. मी अंबील वाढली. मुलाला ती म्हणाली, "आज ऱ्हाऊ या. उद्या अमावस्या सुटली की पोरगी बघू." आणि तो म्हणाला, "व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बैठक घातली. नणंद बाहेर आली, दारात मान वाकवून. पोहे तिनं केले नव्हते, मी केले. आज्जीनं तिला नखशिखान्त असं बघितलं जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. उभी कर, चालव, बसव, सगळं रीतसर. मग विचारलं, "आमचा नातू तुझ्यापेक्षा चार बोटं आखूड हाय. चालतंय का?"

"ठाणं घडी करताना तर तो बसलेलाच असतोय," नणंद म्हणाली. त्यावर ती हसली, आणि स्टेशनावरच्या हमालानं वळून बघितलं.

आज्जीनं "पसंत" म्हटलं आणि अव्वानं साखर वाटली. तो फोटो परत द्या, दुसरा चांगला काढून पाठवतो, असं अव्वा दोनदा म्हणाली. आज्जीनं तो चंचीत पानांखाली ठेवला आणि चंचीची दोरी ओढली. लग्नाचे फोटो आपण स्वतः काढणार, असं मालकांनी जाहीर केलं. 

दमणी गेली. पोह्यांच्या ताटल्या मी तशाच ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि गाडी सुटायच्या आत स्टेशनावर गेले. गार्डाला सांगितलं, "सोलापूरच्या स्टुडिओवाल्याला लग्नासाठी ठरवून या. आणि मिळाली तर दोन रिळं आणा."

"स्टुडिओवाला येणार तर रिळं कशाला, बाई?"

"ती माझी," मी म्हणाले.